पाहणारा बदलला, तर वस्तू नाहीशी होते काय?

(पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसा तो आहेही. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो पदार्थविज्ञानाचा प्रश्न झाला आहे आणि त्याचे उत्तर केवळ वादविवादाने नव्हे, तर मोजमापाने देता येते. प्रश्न नीट मांडायचा तर असा : एखादा सूक्ष्म कण जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने अस्तित्वात आहे, परंतु त्याच्याजवळून प्रचंड वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या दृष्टीने तो मुळी अस्तित्वातच नाही, असे होऊ शकते काय?

मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे. विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. मग या विषयावर बोलण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, हा विषय प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिलेला नाही. ‘आइनस्टाइनने सिद्ध केले आहे की, सर्व काही सापेक्ष आहे’ हे वाक्य आपण सभेत ऐकतो, वर्तमानपत्रात वाचतो, आणि शाळेतील मुलेही ते मोठ्या आत्मविश्वासाने तोंडावर फेकतात. ‘सर, तुमचे खरे तुमच्यापाशी, माझे खरे माझ्यापाशी, रिलेटिव्हिटी आहे ना!’ असे म्हटले की वाद संपला, अशी त्यांची समजूत असते. हे वाक्य जर खरे असेल, तर साक्ष, पुरावा, हिशेब, परीक्षा यांपैकी कशालाच अर्थ उरणार नाही. आणि ते खोटे असेल, तर एका थोर शास्त्रज्ञाच्या नावावर आपण मुलांना चुकीची गोष्ट शिकू देत आहोत. म्हणून या वाक्याची तपासणी करणे हे जितके विज्ञान-शिक्षकाचे काम आहे, तितकेच ते माझे आणि पालक म्हणून आपलेही आहे.

काय बदलते?

प्रथम, पाहणाऱ्यानुसार बदलणाऱ्या गोष्टी कोणत्या ते पाहू. आपण एस. टी. त बसला आहात. शेजारच्या आसनावरील प्रवासी आपल्या दृष्टीने स्थिर आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच प्रवासी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने चालला आहे. दोघेही खरे बोलत आहेत. कारण ‘वेग’ हा शब्द ‘कोणाच्या मानाने?’ हे सांगितल्याशिवाय पूर्णच होत नाही. ज्याच्या मानाने आपण मोजतो, त्याला शास्त्रात संदर्भचौकट म्हणतात. गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जहाजाचे उदाहरण दिले. शांत समुद्रावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून कोणताही प्रयोग केला, तरी जहाज चालले आहे की थांबले आहे हे कळणार नाही. म्हणजे वेग सापेक्ष आहे, ही गोष्ट आइनस्टाइनच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आधीच माहीत होती.

१९०५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न या शहरी पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइनस्टाइनने यात एका गोष्टीची भर घातली. निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर आहे, आणि एकसारख्या वेगाने जाणाऱ्या कोणीही मोजला तरी तो तेवढाच भरतो. प्रकाशाच्या मागे धावा किंवा त्याला सामोरे जा, उत्तर एकच. ही गोष्ट मान्य केली की, काही विलक्षण परिणाम ओघानेच येतात. वेगाने जाणारे घड्याळ आपल्याला मंद चालताना आढळते. वेगाने जाणाऱ्या वस्तूची लांबी गतीच्या दिशेने आखूड भरते. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे, दूरदूरच्या दोन घटना एका निरीक्षकाच्या मते एकाच क्षणी घडल्या असतील, तर दुसऱ्याच्या मते त्या मागेपुढे घडलेल्या असू शकतात.

येथेच संशय जन्माला येतो. वेग बदलतो, ऊर्जा बदलते, लांबी बदलते, काळ बदलतो, ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थसुद्धा बदलतो. मग वस्तूचे असणे-नसणे तेवढे का बदलू नये? शंका रास्त आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. तिची परीक्षा घ्यावी. आपण तीन परीक्षा घेऊ.

पहिली परीक्षा : डोंगरावरचा म्युऑन

आकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरणांचा वर्षाव होत असतो. हे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतील अणुकेंद्रांवर आदळले की, त्यातून शेवटी म्युऑन नावाचे कण निर्माण होतात. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद. पण वजनाने सुमारे २०७ पट. १९३६ साली अँडरसन व नेडरमायर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. म्हणजे आपण तळहात आडवा पसरला, तर मिनिटभरात त्यातून ऐंशी-शंभर म्युऑन आरपार गेलेले असतात, आणि आपल्याला त्याची दादही नसते.

हा कण अल्पायुषी आहे. स्थिर असताना त्याचे सरासरी आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद असते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लक्षावा भाग. त्यानंतर त्याचे विघटन होऊन एक इलेक्ट्रॉन व दोन न्यूट्रिनो उरतात. एवढ्या काळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात कसे?

१९३८ साली केंब्रिज येथे काम करीत असलेल्या, तिशीही न गाठलेल्या एका मुंबईकर तरुणाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे टिपण लिहिले. अशा जड कणाचे विघटन होत असेल, तर वेगाने जाणाऱ्या कणाचे आयुष्य आपल्याला वाढलेले दिसले पाहिजे, आणि सापेक्षता सिद्धांताची ती एक कसोटी ठरेल, असे त्यात त्याने दाखवून दिले. त्या तरुणाचे नाव होमी भाभा. पुढे १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन करणारे ते हेच. १९४१ साली रॉसी व हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगरांत मोजमाप करून ही गोष्ट प्रत्यक्ष पडताळून पाहिली.

१९६३ साली फ्रिश व स्मिथ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हा प्रयोग अधिक स्वच्छ रीतीने केला आणि तो विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे. माउंट वॉशिंग्टन या सुमारे १९०० मीटर उंचीच्या डोंगरावर त्यांनी ठराविक वेगाचे म्युऑन मोजले. तासाला सुमारे ५६३ भरले. या म्युऑनांचा वेग प्रकाशवेगाच्या ९९ टक्क्यांहूनही अधिक होता. डोंगराच्या उंचीइतके अंतर कापून समुद्रसपाटीला येण्यास त्यांना आपल्या घड्याळाने सुमारे ६.४ मायक्रोसेकंद लागतात. दर दीड मायक्रोसेकंदाला म्युऑनांची संख्या निम्मी होते. आता आपणच हिशेब करा : ५६३ चे २८०, २८० चे १४०, मग ७०, मग ३५, म्हणजे खाली तीसच्या आसपास म्युऑन उरायला हवेत. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला मोजले तेव्हा तासाला चारशेहून थोडे अधिक म्युऑन मिळाले!

याचा उलगडा आपण असा करतो : म्युऑनचे घड्याळ आपल्या मानाने सुमारे नऊ पट मंद चालते. आपले ६.४ मायक्रोसेकंद झाले तेव्हा त्याच्या घड्याळात जेमतेम ०.७ मायक्रोसेकंद झाले. एवढ्या थोड्या वेळात फारसे म्युऑन नष्ट होत नाहीत. हिशेब जुळला.

पण म्युऑनवर बसलेला निरीक्षक काय म्हणेल? त्याच्या दृष्टीने म्युऑन स्थिर आहे, त्याचे घड्याळ बरोबर चालले आहे, आणि त्याचे आयुष्य तेच २.२ मायक्रोसेकंद आहे. मग एवढे म्युऑन वाचले कसे? तो म्हणेल, ‘अहो, डोंगर माझ्याकडे प्रचंड वेगाने धावत आला, म्हणून त्याची उंची आखडली. १९०० मीटरचा तुमचा डोंगर माझ्या मोजणीने सुमारे २१० मीटरच भरला. तेवढा डोंगर माझ्याजवळून जाण्यास ०.७ मायक्रोसेकंदच लागले.’ म्हणजे त्याचाही हिशेब जुळला.

येथे थोडे थांबावे. एक म्हणतो काळ मंदावला, दुसरा म्हणतो उंची आखडली. दोघांची कैफियत वेगळी; परंतु खाली किती म्युऑन जिवंत पोचले, हा आकडा एकच. गणकयंत्राचा काटा एकासाठी चारशेवर आणि दुसऱ्यासाठी तीसवर, असे होत नाही. पुढे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन केंद्रात वर्तुळाकार मार्गावर प्रकाशवेगाच्या ९९.९४ टक्के वेगाने म्युऑन फिरविण्यात आले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापात त्यांचे सरासरी आयुष्य २.२ ऐवजी सुमारे ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळजवळ २९ पट भरले. सिद्धांताने सांगितले होते तेवढेच.

दुसरी परीक्षा : गॅमा किरण

कोणी म्हणेल, म्युऑन आधीच जन्मलेला होता. प्रश्न तो किती जगला एवढाच होता. पण कणाचा जन्मच जर ऊर्जेवर अवलंबून असेल, आणि ऊर्जा पाहणाऱ्यानुसार बदलत असेल, तर? ही शंका पहिलीपेक्षा कठीण आहे आणि म्हणूनच अधिक मोलाची आहे.

भरपूर ऊर्जेच्या गॅमा किरणापासून एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण होऊ शकते. पॉझिट्रॉन १९३२ साली अँडरसन यांनी शोधला, आणि ही जोडीची निर्मिती १९३३ साली ब्लॅकेट व ओकियालिनी यांनी ओळखली. जोडी निर्माण व्हायची तर निदान १०,२२,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा हवी. कारण तेवढी ऊर्जा त्या दोन कणांच्या वस्तुमानातच खर्च होते.

आता समजा, आपल्या टेबलावर शिशाचा एक पत्रा आहे आणि त्यावर २० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक गॅमा किरण पडत आहे. ऊर्जा पुरेशी आहे. जोडी निर्माण होऊ शकते. परंतु त्याच वेळी एक प्रवासी किरणाच्याच दिशेने प्रकाशवेगाच्या सहा दशांश वेगाने चालला आहे. आपल्यापासून दूर जाणाऱ्या गाडीची शिटी जशी खाली उतरलेली ऐकू येते, तशी त्या प्रवाशाला किरणाची ऊर्जा कमी भरते. या वेगाला ती बरोबर निम्मी, म्हणजे १० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरेल. ही तर आवश्यक ऊर्जेपेक्षा कमी झाली! मग आपण म्हणणार जोडी जन्मली, आणि प्रवासी म्हणणार जन्मणे शक्यच नाही?

नाही. आपण शिशाला विसरलो. किरण एकटाच रिकाम्या जागेत असेल, तर त्यापासून जोडी कधीच निर्माण होत नाही. त्याची ऊर्जा कितीही असो. ऊर्जा आणि संवेग हे दोन्ही हिशेब एकाच वेळी जुळवायचे, तर शेजारी अणुकेंद्रासारखा भागीदार लागतो. आता प्रवाशाच्या बाजूने पाहा. त्याच्या दृष्टीने शिशाचा पत्रा स्थिर नाही. तो प्रकाशवेगाच्या सहा दशांश वेगाने किरणाला सामोरा धावत येत आहे. किरणाजवळ ऊर्जा कमी आहे खरी. पण धावत्या अणुकेंद्राजवळ ती मुबलक आहे. दोघांची बेरीज करून प्रवासी म्हणतो, ‘होय, जोडी जन्मू शकते.’ ऊर्जा कोणी किती आणली याविषयी मतभेद. जोडी जन्मली याविषयी एकमत.

मित्रहो, याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. एकट्या किरणापासून जोडी का निर्माण होत नाही, याचे उत्तर याच एकमताच्या नियमातून मिळते. किरणाच्या मागे पुरेशा वेगाने जाणारा निरीक्षक कल्पिला, तर त्याला त्या किरणाची ऊर्जा हवी तितकी कमी भरेल. त्याच्या दृष्टीने जोडी निर्माण होणे अशक्य आहे. आणि एकाच्या दृष्टीने अशक्य असलेली घटना दुसऱ्याच्या दृष्टीने घडू शकत नाही. म्हणून एकट्या किरणापासून जोडी कोणाच्याच दृष्टीने जन्मत नाही. म्हणजे ‘घडले की नाही, याबद्दल सर्वांचे एकमत असले पाहिजे’ हे नुसते सोयीचे तत्त्व नाही. निसर्गात काय घडणार नाही, हे त्याच्या आधारे आधीच सांगता येते.

तिसरी परीक्षा : ‘आत्ता’ किती आहेत?

आता एक बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाही तर मी सोयीची तेवढीच उदाहरणे दिली असे होईल. एका विशिष्ट अर्थाने कणांची मोजदाद खरोखरच पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

समजा, जमिनीवर एकमेकांपासून ३०० मीटर अंतरावर दोन म्युऑन स्थिर आहेत, आणि आपल्या घड्याळांप्रमाणे दोघांचे विघटन नेमके एकाच क्षणी झाले. आपण नोंद करू : आधी दोन होते, मग एकही नाही. ‘एकच शिल्लक आहे’ असा क्षण आपल्या वहीत नाही. आता आपला तोच प्रवासी, प्रकाशवेगाच्या सहा दशांश वेगाने, पहिल्या म्युऑनकडून दुसऱ्याच्या दिशेने चालला आहे. त्याच्या घड्याळांप्रमाणे दुसऱ्या म्युऑनचे विघटन ०.७५ मायक्रोसेकंद आधी झाले. म्हणजे तेवढा काळ त्याच्या वहीत एकच म्युऑन जिवंत आहे!

तर मग शेवटी अस्तित्व सापेक्ष ठरले काय? नीट पाहा. पहिला म्युऑन नष्ट झाला, हे दोघांना मान्य. दुसराही नष्ट झाला, हेही मान्य. कोणत्या जागी नष्ट झाला, तेथे ठेवलेल्या यंत्रात नोंद झाली की नाही, तेथे इलेक्ट्रॉन उरला की नाही, सर्व मान्य. मतभेद एवढाच की, तीनशे मीटर दूरच्या दोन घटनांना ‘एकाच वेळी’ म्हणायचे की नाही. सापेक्ष ठरला तो ‘आत्ता’ हा शब्द, कण नव्हे.

याही मतभेदाला मर्यादा आहे. ज्या दोन घटनांमध्ये एकीकडून दुसरीकडे प्रकाश पोचू शकतो, त्यांचा क्रम कोणाच्याही दृष्टीने उलटत नाही. म्युऑनचा जन्म आधी आणि मृत्यू नंतर, हे सर्वांसाठी तसेच राहते. बाण लागण्याआधी सुटतो, उत्तर येण्याआधी प्रश्न विचारला जातो. कार्यकारणाचा धागा कोणत्याही वेगाने तुटत नाही.

न बदलणारे काय?

हे सारे जुळते तरी कसे? १९०८ साली कोलोन येथे दिलेल्या व्याख्यानात गणितज्ञ मिन्कोव्स्की यांनी त्याचे गुपित उलगडून दाखविले. आपल्या नेहमीच्या उदाहरणाने सांगतो. शेताची मोजणी करताना एका मोजणीदाराने उत्तर दिशा होकायंत्राने धरली, दुसऱ्याने बांधाच्या दिशेने धरली. ‘पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती’ हे आकडे दोघांचे वेगळे येतील. पण या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तर लांबी एकच. काळ आणि अंतर यांचेही असेच आहे. फक्त येथे वर्गांची बेरीज न करता वजाबाकी करावी लागते.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. आपल्या प्रवाशाने आपल्या घड्याळाने ५ सेकंद प्रवास केला. वेग प्रकाशाच्या सहा दशांश. म्हणून अंतर ३ प्रकाश-सेकंद. पाचाचा वर्ग २५, तिनाचा वर्ग ९, वजाबाकी १६, वर्गमूळ ४. आता प्रवाशाच्या बाजूने : तो स्वतःच्या मानाने हललाच नाही, म्हणून अंतर शून्य, आणि त्याच्या घड्याळात झाले ४ सेकंद. वर्ग १६, वजा शून्य, वर्गमूळ पुन्हा ४. आपले आकडे ५ आणि ३, त्याचे ४ आणि ०. परंतु उत्तर एकच. आपल्या सातवी-आठवीच्या वर्गातील पायथागोरसच्या त्रिकोणाचेच ३, ४, ५ हे आकडे येथे भेटतात, हेही लक्षात घ्यावे. कणाचे स्थिर वस्तुमान, त्याचा विद्युत्‌भार आणि प्रकाशाचा वेग हेही असेच सर्वांना समान. फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने तर या सिद्धांताला न बदलणाऱ्या गोष्टींचा सिद्धांत म्हणावे, असे सुचविले होते. ते नाव रूढ झाले असते, तर ‘सर्व काही सापेक्ष आहे’ हे वाक्य कदाचित जन्मालाच आले नसते.

एक अपवाद की सूचना?

इथपर्यंत मी एकसारख्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांविषयी बोललो. विशिष्ट सापेक्षता सिद्धांतात अशा सर्व निरीक्षकांना रिकामी जागा रिकामीच आढळते. पण वेग सतत वाढवीत जाणाऱ्या, म्हणजे त्वरण असलेल्या निरीक्षकाचे काय? १९७० नंतरच्या दशकात फुलिंग, डेव्हिस आणि उनरुह या शास्त्रज्ञांनी पुंजवादाच्या गणिताने याचा विचार केला. १९७६ साली उनरुह यांनी दाखविले की, जेथे आपल्याला पूर्ण पोकळी दिसते, तेथे असा निरीक्षक उष्ण कणांच्या घोळक्यात असल्यासारखा अनुभव घेईल. मात्र ही उष्णता अतिशय क्षीण. केवळ एक केल्व्हिन तापमान जाणवायचे, तर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पंचवीस अब्ज अब्ज पट त्वरण लागेल. म्हणून याचा थेट प्रत्यय अद्याप प्रयोगात सर्वमान्य रीतीने आलेला नाही. सिद्धांत मात्र बहुतेक शास्त्रज्ञ मान्य करतात.

म्हणजे येथे खरोखरच ‘कण आहेत की नाहीत’ हे पाहणाऱ्यावर अवलंबून राहिले. हे मी आपल्यापासून लपविणार नाही. पण येथेही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या निरीक्षकाजवळच्या यंत्राने ‘टक्‌’ असा आवाज केला, तर तो आवाज झाला हे आपल्यालाही मान्य करावे लागते. तो म्हणतो, ‘यंत्राने एक कण गिळला.’ आपण म्हणतो, ‘यंत्राला ज्याने ढकलत नेले त्याच्या ऊर्जेतून यंत्राने एक कण बाहेर टाकला.’ १९८४ साली उनरुह व वॉल्ड यांनी हे तपशिलाने दाखविले. वर्णन अगदी उलट. पण घटना एकच. यावरून शिकायचे ते हे की, ‘कण’ हा शब्द आपण समजतो तितका अंतिम नाही. घडलेली घटना मात्र सर्वांची सामायिक आहे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे : एकसारख्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांपुरते बोलायचे, तर कणाचे अस्तित्व पाहणाऱ्यावर अवलंबून नाही. त्याचा वेग, त्याची ऊर्जा, त्याच्या आयुष्याची आपण मोजलेली लांबी, आणि ‘या क्षणी किती आहेत’ ही मोजदाद, एवढे अवलंबून आहे. तो जन्मला का, कशावर आदळला, कोठे संपला, हे अवलंबून नाही.

पालकहो, घरात मुले ‘ज्याचे त्याचे खरे’ असे म्हणू लागली, तर त्यांना रागावू नका. त्यांना पुढचा प्रश्न विचारा. ‘यातले काय तुझ्या जागेवरून वेगळे दिसते, आणि काय कोठूनही पाहिले तरी तेच राहते?’ दोन भावांच्या भांडणात कोणाला किती लागले, कोणाला काय वाटले, यात फरक असेल. पण पाटी फुटली की नाही, यात फरक नसतो. दोन साक्षीदारांच्या सांगण्यात तफावत आहे म्हणून घटनाच घडली नाही, असे कोणताही न्यायाधीश म्हणत नाही. तो तफावतीचे कारण शोधतो. शास्त्रज्ञही नेमके तेच करतो. फरक इतकाच की, एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीत रूपांतरित करण्याचे नेमके गणित त्याच्याजवळ असते.

विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः कलाशाखेकडे जाणाऱ्यांनो आणि घरात पहिल्यांदाच दहावीच्या पुढे शिकणाऱ्यांनो, ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नका. मी आज जे सांगितले, त्यात वर्ग, वर्गमूळ आणि निम्मे करणे यांपलीकडचे गणित नव्हते. त्यापुढचे गणित तुम्ही शिकावे आणि मी येथे थांबलो त्याच्या पुढे जावे, अशी माझी इच्छा आहे. मुलींनीही हे ऐकताना ‘भावाला सांगू’ असे म्हणू नये. वही त्यांनीच उघडावी. आणि कोणी थोर नावाचा आधार घेऊन एखादे वाक्य तुमच्या तोंडावर फेकले, तर ते नाव बाजूला ठेवून विचारावे, ‘मोजून पाहिले होते काय? किती भरले?’